डिफ्रन्शियलच्या सदोष दुरुस्तीबाबत व दुसऱ्यांदा आकारलेल्या बिलाबाबत तक्रार

प्रति,
विभागीय व्यवस्थापक,
सेवा विभाग, मुंबई.

महोदय,

माझ्याकडे आपल्या कंपनीचा एकच सहाचाकी ट्रक असून तो मी स्वतः चालवतो. भिवंडीच्या गोदामांतून नाशिकला माल पोहोचवणे हाच माझा चरितार्थ आहे. गेल्या महिन्यात कसारा घाट चढताना मागच्या डिफ्रन्शियलमधून (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरपेटीतून) घरघर येऊ लागली आणि इगतपुरी गाठेपर्यंत तिचा खडखडाट झाला. पिनियनच्या (त्यातील लहान गिअरच्या) सीलमधून तेल झिरपत होते व ते माझ्या वेळेवर लक्षात आले नाही, हा दोष मी नाकारत नाही. पिनियनचे बेअरिंग फुटल्याचे आपल्या अधिकृत वर्कशॉपचे निदानही बरोबर होते. माझी तक्रार त्यानंतरच्या कामाबद्दल आहे.

अकरा दिवसांनी गाडी मिळाली. क्राऊन (पिनियन फिरवतो ते मोठे गिअर) आणि पिनियनची नवी जोडी, चारही बेअरिंग, शिम (अंतर जुळवणारे पातळ वॉशर), सील, गिअर ऑइल आणि मजुरी मिळून ₹८६,२०० मी भरले. गाडी वडाळ्याला आणतानाच ताशी ४० च्या पुढे ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीसारखा आवाज येई आणि पाय उचलला की तो थांबे. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये सांगितले, तेव्हा ‘नवीन गिअर आहेत, बसायला वेळ लागतो’ असे उत्तर मिळाले. नीट जुळवलेली जोडी पहिल्या दिवसापासून अशी ओरडत नाही, हे वीस वर्षे स्टिअरिंग धरणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. १,९०० किलोमीटर होताच तेच बेअरिंग पुन्हा गेले.

या वेळी डिफ्रन्शियलचे हाउसिंग (बाहेरचे कवच) माझ्यासमोर उघडावे, असा मी आग्रह धरला. ड्रेन प्लगच्या (तेल काढण्याच्या बुचाच्या) चुंबकावर थोडा राखाडी लगदा जमतोच. पण येथे नखाएवढ्या लोखंडी चकत्या चिकटल्या होत्या, आणि हाउसिंगच्या तळाच्या कोपऱ्यात काळपट जुना गाळ तसाच होता. म्हणजे पहिल्या बेअरिंगचा चुरा धुऊन न काढताच त्यावर नवे तेल ओतले गेले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार होतात व दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो, तर माझ्या गाडीतील पिनियनवरचा क्रमांक क्राऊनवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता आणि क्राऊनच्या दातांच्या कडा उघडपणे झिजलेल्या होत्या. बिल पूर्ण जोडीचे लावून प्रत्यक्षात फक्त पिनियन बदलण्यात आला, असाच त्याचा अर्थ होतो. फोरमनना मी दोन्ही क्रमांक दाखवले. त्यांनी फडक्याने हात पुसले आणि ‘साहेबांशी बोला’ एवढेच म्हणाले.

साहेबांनी ओव्हरलोडचे कारण दिले. आरसीवर गाडीचे एकूण वजन १८.५ टन आहे आणि त्या फेरीच्या काट्याच्या पावतीवर मालासह १७,९४० किलो नोंदले आहे. उलट, आपल्याच जॉब कार्डवर (कामाच्या नोंदपत्रकावर) पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक ताण) आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) लिहिण्याचे रकाने दोन्ही वेळा कोरे आहेत. ही मोकळीक मोजणारे डायल गेज लावले असते, दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहिले असते, तर विजोड जोडी त्याच टेबलावर उघडी पडली असती.

एवढे होऊनही दुसऱ्या कामाचे ₹३१,५०० भरल्याशिवाय गाडी सोडण्यास नकार देण्यात आला. हप्ता थकू नये म्हणून मी ते नाइलाजाने भरले व पावतीवर ‘हरकतीसह’ असे लिहिले. गाडी ताब्यात आली, पण क्राऊन तोच आहे आणि आवाजही तोच. त्यामुळे ती सध्या वडाळा ट्रक टर्मिनलला उभी आहे.

तरी एकाच क्रमांकाची नवी क्राऊन-पिनियन जोडी विनामूल्य बसवून द्यावी, हाउसिंग व ॲक्सल नळ्या धुऊन घ्याव्यात, प्रीलोड व बॅकलॅशची मापे जॉब कार्डवर लेखी द्यावीत आणि ₹३१,५०० परत करावेत. काढलेले सुटे भाग माझ्या ताब्यात द्यावेत, ते भंगारात जाऊ नयेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, स्वयंरोजगाराने उदरनिर्वाह करणारा ग्राहक या नात्याने मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागेन.

सोबत दोन्ही बिले, जॉब कार्डच्या प्रती, काट्याची पावती आणि दोन्ही क्रमांकांची छायाचित्रे जोडली आहेत.

आपला,
ट्रकमालक व चालक,
वडाळा, मुंबई