बाबांच्या प्रश्नाचं आणि आईच्या आग्रहाचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही दोघं दोन टोकांना होतात. बाबा विचारत होते, खरी विमानं उभी असताना तुम्हा शिकाऊ वैमानिकांना बंद खोलीत सिम्युलेटरच्या नकली विमानात कशाला बसवतात? आणि आई, तुझं म्हणणं, सगळंच तिथे शिकवलं तर काय बिघडलं?

बाबा, गेल्या आठवड्यात मी त्या खोलीत कोसळले. टेकऑफनंतर ४०० फुटांवर सरांनी इंजिन बंद पाडलं. मागे ओळखीची धावपट्टी होती, हात आपसूक तिकडे वळले. विमान कललं, वेग घसरला आणि उंची टिकवायला मी स्टिक मागे ओढली. कललेलं विमान जास्त वेगालाच स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला पेलेनासे होतात, हे परीक्षेत मी लिहून आले होते. तरी ओढली. एक पंख खाली गेला, जमीन गरगरत काचेवर आली आणि पडदा थिजला. सर रागावले नाहीत. मला पुन्हा त्याच ४०० फुटांवर नेऊन ठेवलं. "नाक खाली. आधी वेग." त्या दुपारी पाच वेळा इंजिन गेलं. पाचव्या वेळी मान मागे वळलीच नाही. सीटसकट बाहेर पडायचा निर्णय कुठल्या उंचीच्या आत घ्यायचा, तेही इथेच अंगवळणी पडतं. आकाशात त्याची तालीम करता येत नाही.

ढगांचंही तसंच. क्षितिज दिसेनासं झालं की कान फसवतात; विमान हळूहळू वळत असतं आणि आपल्याला वाटतं, सरळच चाललोय. अमेरिकेच्या एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये ऑर्गनचे भाते वापरून हलणारी पेटी, म्हणजे सुरुवातीचा सिम्युलेटरच, बनवली, तेव्हा लष्कराला तिचं महत्त्व वाटलं नव्हतं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम आलं, खराब हवेत कितीतरी जण गेले, आणि त्याच वर्षी लष्कराने सहा पेट्या घेतल्या. ते वैमानिक माझ्याच वयाचे असतील, हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

पण आई, सगळं तिथे नाही शिकता येत गं. खऱ्या वळणात ४ जी आला की डोकं, हेल्मेट, हात, सगळं चौपट जड होतं. पोटऱ्या आणि पोट आवळून धरलं नाही तर नजर काळवंडते. खोलीतलं यंत्र हलतं, हिसके देतं, पण तो भार अंगावर धरून ठेवू शकत नाही. शिवाय तिथे वेग-उंची दाखवणाऱ्या घड्याळांकडे बघत राहायची खोड लागते. पहिल्या उड्डाणात मी सारखी आतच बघत होते, तेव्हा सरांनी नकाशाने अख्खं पॅनेल झाकलं आणि म्हणाले, "आता बाहेर बघून उडव."

उद्या पहाटे सॉर्टी, म्हणजे खरं उड्डाण, आहे. आज संध्याकाळी तीच सिम्युलेटरवर एकदा करून घेणार आहे. बाबा, मधेच न सांगता इंजिन बंद करा, असं सरांना मीच सांगितलंय.

तुमची,
लेक