घड्याळाला चावी द्या

आई, बाबा,

फोनवर हे बोलायला जमत नाही, दादा बाजूलाच बसलेला असतो आणि आई तू लगेच रडायला लागतीस, म्हणून लिहायलेय. बाबा, तुम्ही वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

दादाला स्किझोफ्रेनिया झाला, भास आणि भलते संशय येणारा हा मनाचा आजार, तो आपल्यामुळंच असं तुम्हा दोघांना वाटतं. आई, परवा तू पुन्हा ग्रहणाचं काढलंस. १९९५ च्या दिवाळीतलं ग्रहण, दादा पोटात, आजी नको नको म्हणत असताना तू विळीवर भेंडी चिरलीस. इतकी वर्षं त्या पावशेर भेंडीचा हिशोब करायलीस तू! आणि बाबा, तुम्ही बोलत नाहीत पण बारावीच्या निकालादिवशी दादाला दिलेली ती एक चपराक तुमच्या मनातनं गेलेली नाही हे मला दिसतंय, त्यानंतर तुम्ही त्याच्यापुढं कधी आवाजच चढवला नाहीत.

आईच्या नावानं बोटं मोडायचं काम फक्त आपल्या गल्लीतच होतं असं नाही बरं का. १९४८ मध्ये अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइशमन नावाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आईच्या वागण्यानं मुलाला स्किझोफ्रेनिया होतो असं लिहिलं होतं आणि शिकल्या-सवरल्या लोकांनी ते कितीतरी वर्षं खरं मानलं. मग १९७६ मध्ये लंडनला ईव्ह जॉनस्टोन आणि त्यांच्या टीमनं पेशंटच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढले, तर मेंदूच्या आत पाण्यानं भरलेल्या पोकळ्या असतात त्या या पेशंटच्यात मोठ्या निघाल्या. म्हणजे फरक शरीरातच होता.

२०१६ ला सी-फोर नावाच्या जीनवरचं, म्हणजे आईबापाकडनं मुलांत येणाऱ्या गुणांच्या एका तुकड्यावरचं, संशोधन आलं, ते बाबा तुम्हाला लगेच कळंल. लहानपणी मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या लागतात त्यापेक्षा जास्त असतात, वयात येताना जादाच्या काढल्या जातात, आपण कापसाची विरळणी करतो तसंच. या जीनचे काही प्रकार असले की विरळणी जरा जास्तच होत असावी, चांगली रोपं पण उपटली जात असावीत असं शास्त्रज्ञांना वाटतं. दादाचं पण एकोणिसाव्या वर्षीच सुरू झालं ना. अर्थात एकट्या जीनचा हा खेळ नाही, २०२२ पर्यंत या आजाराशी संबंध असलेल्या अशा २८७ जागा जीन्सच्या साखळीत सापडल्यात, आणि एकसारख्या जुळ्यांत एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला निम्म्या वेळा पण होत नाही. कशाकशाचं मिळून होतं ते. एका भेंडीनं नाही, एका चपराकीनं पण नाही.

माझ्या लग्नाची काळजी तुम्हाला आहे ती वेगळीच. सख्ख्या भावंडाला धोका शंभरात नऊ-दहा, म्हणजे नव्वद जणांना काही होत नाही. स्थळ आलं तर दादाचं लपवू नका, मी स्वतः सांगणारय.

आणि त्या लॅबवाल्याला साडेसहा हजार देऊ नका! ब्रेन मॅपिंग केलं की आजार पक्का कळतो म्हणाला ना, तसं काही नसतं. एवढं संशोधन झालं तरी रक्त तपासून किंवा मेंदूचा फोटो काढून स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे सांगणारी टेस्ट अजून निघालेली नाही. आपल्या डॉक्टरांनी एमआरआय काढला तो दुसरं काही नाही ना हे बघायला. निदान बोलून, बघून, माहिती घेऊनच होतं. ते पैसे गोळ्यांना ठेवा.

एक राहिलंच. दादा लंबकाकडं तासन्‌तास बघत बसतो म्हणून तू आजोबांचं घड्याळ बंद केलंस, त्यानंच डोकं फिरतं म्हणून. आई, १९७३ मध्ये फिलिप होल्झमन यांनी पेशंटना हलता लंबकच बघायला लावला होता, कित्येकांची नजर त्याच्याबरोबर सरळ न फिरता अडखळत, उड्या मारत गेली. पुढं काही पेशंटच्या धडधाकट नातेवाइकांत पण तसंच दिसलं. म्हणजे लंबकानं काही बिघडत नाही, उलट आपली पण नजर तशीच अडखळत असंल, काय सांगावं.

घड्याळाला चावी द्या. त्यालाच देऊ द्या, आधी रविवारी तोच द्यायचा.

तुमची,
ताई