अंतर्देशीय मिळाले

नाशिक रोड,
दि. ११ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझे अंतर्देशीय पत्र गुरुवारी मिळाले. आईने ते मला तीनदा वाचायला लावले आणि मग स्वतःच्या हाताने घडी घालून पोथीत ठेवले. कॉलेजात असताना बाबा तुला सोडायला स्टेशनावर आले होते आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे होते, हे तू लिहिलेस. ते तुझ्यावाचून कोणालाच ठाऊक नव्हते, आम्हालाही नाही.

बाबा गेल्याची बातमी कळताच माझ्या फोनवर दोनशेच्या आसपास संदेश आले. बहुतेकांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द आणि जोडलेले हात होते. मीही सर्वांना एकच उत्तर पाठवले, त्यामुळे कोणाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. दूर नोकरी करणाऱ्यांनी आणखी काय करायचे? दहाव्याला रामकुंडावर भाच्याने फोन उंच धरला होता आणि परदेशातील माझा धाकटा भाऊ त्या एवढ्याशा पडद्यावर पिंडाकडे पाहत रडत होता. ते साधन हाताशी नसते, तर त्याला तेवढेही मिळाले नसते, हे मी कधीच विसरणार नाही.

पण जेल रोडला आणि उपनगरला राहणारी, रिक्षाने दहा मिनिटांत पोचू शकणारी माणसेही संदेश पाठवून मोकळी झाली, याचे दुःख मनातून जात नाही. आजोबा गेले तेव्हाचे घर मला आठवते. चूल पेटलेली नव्हती आणि शेजारच्या काकूंनी पिठले-भाकरीचा कडू घास आणला होता. पुढचे तेरा दिवस माणसे येत राहिली. त्यांच्याजवळ बोलण्यासारखे काही नसे, ‘कसं झालं?’ एवढे विचारून ती सतरंजीवर बसत, आणि आजी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागे. तेव्हा मला त्या विचारण्याचा राग येई. आता कळते की तीच हकिगत चाळीस-पन्नास वेळा सांगता सांगता तिचा हुंदका हळूहळू कमी होत गेला होता आणि शेवटी शेवटी ती आजोबांच्या खोड्याही सांगू लागली होती. आईला या वेळी ती हकिगत जेमतेम सात-आठ जणांना सांगता आली. उरलेली तिच्या आतच राहिली आहे. रात्री ती उठून बसते आणि मला म्हणते, ‘त्या दिवशी सकाळी चहा पूर्ण घेतला होता त्यांनी.’

पूर्वी निधनाच्या पत्रावर वर ‘श्री’ लिहीत नसत आणि वाचून होताच ते फाडून टाकत, हे तुलाही आठवत असेल. त्या रीतीत भीती होती, पण ही बातमी इतर बातम्यांसारखी नव्हे, याची जाणही होती. आता ती सुप्रभातच्या फुलांच्या आणि साड्यांच्या जाहिरातीच्या मधोमध येते, आणि बोट तिच्यावरून तसेच पुढे सरकते.

१९२६ पासून जिथे देशाची टपाल तिकिटे छापली जातात, त्या आपल्या नाशिक रोडच्या प्रेसमध्ये बाबांनी बत्तीस वर्षे काढली. पाकिटावर तिकीट वाकडे लागले, तर ते अस्वस्थ होत. २०१३ मध्ये तार बंद झाली, त्या दिवशी ते जेवताना एक शब्दही बोलले नव्हते. गेल्या वर्षी रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, ते मी त्यांना सांगितलेच नाही. तुझे अडीच रुपयांचे निळे पत्र त्यांनी हातात घेतले असते, तर आधी चिकटवलेल्या कडा तपासल्या असत्या आणि मगच मजकूर वाचला असता.

मी आता एक ठरवले आहे. गावातल्या गावात कोणाकडे असा प्रसंग आला, तर संदेश न पाठवता जाऊन बसायचे. मागच्या रविवारी देवळाली गावात एका जुन्या सहकाऱ्याकडे गेलो. त्याची पत्नी गेली आहे. मी ‘कसं झालं?’ एवढेच विचारले आणि तो तासभर बोलत राहिला. निघताना त्याने चप्पल घालून मला कोपऱ्यापर्यंत सोडले.

बाबांच्या तिकिटांच्या दोन वह्या कपाटात आहेत. त्यांतली एक तुझ्या लेकीला द्यावी, असे आईच्या मनात आहे. ती टपालाने पाठवणार नाही. लेकीला घेऊन तूच ये, आईशेजारी बस आणि ती सांगेल ते सगळे पहिल्यापासून ऐक. तुला येताना स्टेशनावर घ्यायला मी येईनच. घरी सर्वांना नमस्कार, लेकीला अनेक आशीर्वाद.

तुझाच,
मित्र