ट्रेकला जाणाऱ्या पोरांनी आता कादंबरी लिहायला घ्यावी

मा. संपादक,

पाऊस लागला की आपल्या बेळगाव-खानापूरची पोरं रविवारी गाड्या काढून राजहंसगड, जांबोटी, चोर्ला घाट, कुणी पार चंदगडच्या कलानिधीगडापर्यंत जातात, रील टाकतात आणि सोमवारी सगळं विसरून कामाला लागतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चहाच्या टपरीवर ही पोरं जे सांगतात ना, तो कादंबरीचा ऐवज आहे हो!

आता कणकुंबीचंच बघा. तिथं उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि त्याच खानापूर तालुक्यात भीमगडच्या जंगलातून निघालेली म्हादई पश्चिमेला गोव्यात मांडवी होऊन समुद्राला. या म्हादईच्या पाण्यावरून तीन राज्यांचं भांडण, २०१८ ला लवादाचा निकाल आला तरी धुमसतंय. समजा एका घरातला थोरला सौंदत्तीकडं मलप्रभेच्या पाण्यावर शेती करतोय, धाकटा पणजीत कामाला आहे, आणि आई इथंच जंगलातल्या गावात, जिथं पावसात आजारी माणसाला अजून खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. त्या दोघांना एका रात्रीत गाव गाठायचंय. हे लिहायला नाल्याचं पाणी कमरेला लागलेलं असावं लागतं, जळवा लागलेल्या असाव्या लागतात, आणि ते या पोरांकडं आहे, घरात बसून लिहिणाऱ्याकडं नाही.

नुसतं वर्णन मात्र पुरत नाही, गड सुंदर धुकं सुंदर असं वीस पानं कोण वाचणार, कुणालातरी काहीतरी जिवापाड हवं असलं पाहिजे आणि वाटेत डोंगर आडवा आला पाहिजे. त्यासाठी घरी आल्या रात्रीच वहीत उतरवा, वास, थकवा, वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याचं बोलणं त्याच्याच भाषेत, कारण आठवडाभरात फक्त फोटो उरतात. (भीमगड अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी काढूनच जा.)

माझी विनंती कडोली, येळ्ळूर, उचगावच्या साहित्य संमेलनवाल्यांना आहे. कविसंमेलन, कथाकथन जरूर ठेवा, पण एक तास पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांना द्या. त्यांनी आपली सुरुवातीची दहा पानं वाचावीत आणि स्टेजवरच्या जाणत्या लेखकानं कुठं कंटाळा आला ते तोंडावर सांगावं. हार-तुरे नकोत, मानधन नको, फक्त माईक आणि तासभर वेळ द्या, यंदाच्याच संमेलनात.

एक वाचक, खानापूर