फोटोखाली मिनिटेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला उडत्या सूटवरचा, म्हणजे अंगावर यंत्र बांधून माणसाने उडण्यावरचा, लेख आवडला. फक्त ‘बॅटरी जरा हलकी झाली की माणूस ऑफिसला उडत जाईल’ हे काही पटले नाही. आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षे पोरांना इंजिने उघडायला शिकवली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

अडचण बॅटरीच्या आधीच सुरू होते. हवेत तरंगायचे तर आपल्या वजनाइतक्या जोराने हवा खाली ढकलत राहावी लागते. हेलिकॉप्टरची लांब पाती पुष्कळ हवा सावकाश ढकलतात. पाठीवरच्या यंत्राला तेवढा घेर कुठला? ते थोडीच हवा प्रचंड वेगाने फेकते आणि तिथेच हिशेब फिरतो. माणूस, यंत्र मिळून १२० किलो धरा. ७ मीटर व्यासाच्या पंख्याला कागदावर साडेपाच एचपी पुरतात, म्हणजे विहिरीवरच्या मोटरीएवढे. तोच पंखा २५ सेंटिमीटरचा केला की दीडशे एचपीच्या वर लागतात. प्रत्यक्षातली गळती वेगळीच.

अमेरिकेत बेल कंपनीचा पाठीवर बांधायचा रॉकेट बेल्ट २० एप्रिल १९६१ रोजी पहिल्यांदा मोकळा उडाला, १३ सेकंद. त्यात आग नव्हतीच. हायड्रोजन पेरॉक्साइड चांदीच्या जाळ्यांवरून गेले की त्याची तापलेली वाफ होई आणि ती नळ्यांतून खाली सुटे. टाकी भरून फार तर २१ सेकंद. वैमानिकाच्या हेल्मेटमध्ये बझर असे. तो वाजला की उतरायचे. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात असाच पट्टा बांधून माणूस मैदानात उतरला तेव्हा जगाने तोंडात बोट घातले, पण घड्याळ तेच होते.

२०१९ मध्ये फ्रेंच संशोधक फ्रँकी झपाटा याने जेट इंजिनांच्या फळीवर उभे राहून इंग्लिश खाडी ओलांडली. सुमारे ३५ किलोमीटर, २२ मिनिटे, आणि मध्ये बोटीवर उतरून इंधन भरून. त्याआधीच्या प्रयत्नात तो याच इंधनाच्या थांब्यापाशी समुद्रात पडला होता! हे सगळे रॉकेलच्या जातीच्या इंधनावर. अशा किलोभर इंधनात सुमारे बारा युनिट ऊर्जा असते. चांगल्या लिथियम बॅटरीत किलोला पाव युनिट. छोटी जेट इंजिने इंधन उधळतात हे खरे, तरी ही दरी भरून निघत नाही.

माझा पुतण्या उसावर ड्रोनने फवारणी करतो. दहा लिटरची टाकी, माणूस नाही, तरी दहा-बारा मिनिटांत यंत्र खाली. बांधावर टेम्पोत जनरेटर धडधडत असतो, शेजारी बॅटऱ्यांचे चार जोड, आणि नुकती काढलेली गरम बॅटरी पंख्यासमोर. त्याला लेख दाखवला तर म्हणाला, “काका, ऑफिसपर्यंत टेम्पो कोण नेणार?”

पुढच्या वेळी असा फोटो छापाल तेव्हा खाली दोनच गोष्टी द्याव्यात: हवेत किती मिनिटे होता आणि टाकी किती लिटरची होती.

आपला,
एक निवृत्त निदेशक,
पलूस, जि. सांगली