काळी चार, काळी दोन आणि पुण्याचं बोलावणं

फोंडा, 28 मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "गोव्यात तबला वाजवत राहून कोण मोठं झालंय? दादाकडे ये, पुण्यात कार्यक्रमांना तोटा नाही." मी रेंज नसल्याचं सोंग केलं. रेंज होती, उत्तर नव्हतं.

तुमचं म्हणणं खोटं नाही. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ, या सगळ्या गाणाऱ्यांचं नाव झालं ते गाव सोडल्यावर. गेल्या रविवारी कुर्डीला गेलो होतो. साळावली धरणात बुडालेलं ते गाव पाणी उतरल्यावर वर आलंय. घरांचे नुसते चौथरे, भेगाळलेला चिखल, आणि सोमेश्वराच्या देवळापाशी जमलेली माणसं भजन म्हणतायत. मोगूबाई मुंबईला गेल्या ते बरंच झालं. पण त्या दुपारी ठेका धरायला कुणीतरी हवं होतं.

माझी मिळकत म्हणजे खिचडी आहे. सकाळी शाळा, संध्याकाळी शिकवण्या, अधूनमधून आकाशवाणी, कला अकादमीच्या भजन स्पर्धेआधी मुलांची पथकं तयार करणं. आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत जत्रा. पालखी आत गेली की संगीत नाटक. पडदा उघडायला रात्रीचे बारा. नारद करणारा आमचा पोस्टमन ठरल्या पट्टीत उभा राहील याचा भरवसा नाही, म्हणून स्कूटरवर काळी दोन आणि काळी चार, दोन्ही पट्ट्यांचे तबले बांधून नेतो. पहाटे भरतवाक्य, आठला शाळेत हजर. त्या दिवशी पोरांना लेखी अभ्यास देतो, हे कुणाला सांगू नका.

पैशांचं तुम्ही विचारणारच. बिदागी ठरवणं हीच इथली खरी अडचण. समोरचा म्हणतो, "तू आमचाच रे," आणि पाकीट हातात घेतल्यावरच त्याची जाडी कळते. एका शाळेकडे गेल्या वर्षीचं मानधन अजून अडकलंय. मुख्याध्यापक बाजारात भेटतात, मी चतुर्थीच्या तयारीचं बोलतो, ते गणपतीवर टांगायच्या माटोळीचं बोलतात. त्यांचा भाचा माझ्याकडे शिकतो, भांडू कुणाशी?

पण मागच्या पावसाळ्यात मी तापाने पडलो, तेव्हा ज्याच्याशी माझी चढाओढ आहे असं तुम्हाला वाटतं त्याच तबलजीने माझी दोन बोलावणी सांभाळली आणि पाकिटं घरी आणून दिली. न उघडता. ज्यांच्या बारशाला वाजवलं त्यांच्याच आजोबांच्या बाराव्याला भजनाला बसलो. तिथे पाकीट मीच घेतलं नाही. पुण्यात मी चांगल्या शंभरांतला एक असेन. इथे मी गेलो तर तीन गावांच्या जत्रेला माणूस शोधावा लागेल. यात माझा थोडा अहंकारही आहे, ते कबूल.

तेव्हा पुण्याला येईन तो तुम्हाला भेटायला, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की पंधरा दिवस राहायलाही. बिऱ्हाड मात्र हलवणार नाही.

आई, एक सांगायचं राहिलं. पावसात तबल्याच्या पुड्या, म्हणजे वरची कातडी, सैल पडतात, म्हणून तुझं साड्यांचं कपाट तबल्यांना दिलंय. आत चाळीसचा बल्ब रात्रंदिवस चालू असतो. साड्या ट्रंकेत आहेत, डांबराच्या गोळ्या घालून. चतुर्थीला येशील तेव्हा रागाव.

तुमचा,
बाळू