विषय : तुमच्या मेश वाय-फाय संचातले सुटलेले नोड परत न जोडले जाणे आणि तरीही ‘सोडवली’ म्हणून बंद केलेली माझी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या मदत केंद्राचा फोन आत्ताच ठेवला आणि हे लिहायला बसले. नोड म्हणजे मुख्य राउटरचं वाय-फाय लांबच्या खोलीपर्यंत पोचवणारं जोडयंत्र, हे तुम्हाला समजावत बसत नाही. उत्पादन तुमचं आहे.

मुख्य राउटरने चॅनेल, म्हणजे वाय-फायची लहरपट्टी, बदलला की दोन्ही नोड सुटतात आणि परत जोडले जात नाहीत. वाय-फाय तपासणाऱ्या ॲपमध्ये स्वच्छ दिसतं : राउटर चॅनेल 100 वर असतो, अचानक 36 वर जातो. 52 ते 144 मधले चॅनेल रडारही वापरतात, म्हणून तिथे रडारचा संकेत आढळला तर जागा सोडायची आणि 30 मिनिटं तिकडे फिरकायचं नाही, हा नियमच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण राउटर हलला हे नोडला कळायला नको? तो आपला जुन्याच चॅनेलवर वाट बघतोय. प्लग काढून लावला की लगेच जोडला जातो. राउटरपासून नोडला केबल लावली तर एकदाही सुटत नाही. म्हणजे यंत्र धड आहे, तुमच्या फर्मवेअरला, म्हणजे यंत्रातल्या सॉफ्टवेअरला, पुन्हा शोधायचं सुचत नाही.

वीज जाऊन आली तरी हेच. राउटरला रडारवाल्या चॅनेलवर बोलण्याआधी निदान 60 सेकंद रडारचा कानोसा घ्यावा लागतो. तेवढ्यात नोड नाद सोडून देतात. वर, सुटलेला नोड वाय-फायचं नाव मात्र ऐटीत झळकवत राहतो. फोन त्यालाच चिकटतो. रेघा पूर्ण, इंटरनेट शून्य. आणि तुमचं ॲप म्हणतं, सगळं उत्तम.

आता आजचं संभाषण.

“मॅडम, नोडचा दिवा कोणता आहे?”
“केशरी.”
“तो हिरवा असायला हवा.”
“म्हणूनच फोन केलाय.”

मग होल्ड. संगीत. पुन्हा तोच आवाज : “फॅक्टरी रीसेट करा.” मी म्हटलं, रीसेटने लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली घडामोडींची नोंद, पुसला जातो, आधी तो बघा. “लॉग आम्हाला दिसत नाही, मॅडम. रीसेट झाल्याशिवाय सिस्टिम पुढची पायरी उघडत नाही.” केला रीसेट. नोड जोडला गेला, नुसता प्लग काढूनही जोडला जातो तसाच. “बघा, झालं ना!” मी म्हटलं, चॅनेल बदलला की पुन्हा सुटेल.

“मग नोड राउटरच्या शेजारी ठेवा.”
“किती शेजारी?”
“एकाच टेबलावर ठेवलात तरी चालेल.”

राउटरच्या शेजारी वाय-फाय आधीपासूनच आहे हो! नोड मागच्या खोलीसाठी घेतलाय, असं सांगितल्यावर थोडा वेळ शांतता. मग : “मागच्या खोलीत वापर कमी करून बघा.”

छत्री गळते म्हणून सांगावं, तर पावसात जाऊ नका म्हणे. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यासमोरचा कागद तुम्ही लिहिलाय. फोन ठेवते न ठेवते तोच मेसेज : ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवली आहे. कृपया पाच तारे द्या.’ कोणाच्या समाधानाने, तेवढं कळवा.

नोड सुटला की त्याने सगळे चॅनेल पुन्हा शोधावेत आणि जोडला जाईपर्यंत वाय-फायचं नाव झळकवू नये, असं अपडेट मला हवं आहे. ते येईपर्यंत राउटर 36 ते 48 मध्ये बांधून ठेवायची सोय तरी द्या. या चॅनेलना रडारचा नियम लागू नाही, हे तुमच्या अभियंत्यांना नक्की माहीत असणार. ॲपमध्ये चॅनेल निवडायची जागाच ठेवलेली नाही. ग्राहकाला झेपणार नाही असं वाटलं असावं. आणि लॉग वाचता येणाऱ्या माणसाशी बोलणं करून द्या. रीसेटने लॉग पुसला जातो, हे पुन्हा लिहिते, कारण फोनवर ते कोणाच्याच कानात शिरलं नाही.

तुमचा जुना, एकटा राउटर वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालला, म्हणूनच हा संच घेतला. तो विश्वास आता राहिलेला नाही. दुरुस्ती जमत नसेल तर संच परत घ्या आणि पूर्ण पैसे द्या. नाहीतर ग्राहक न्यायालयात भेटू.

पावती आणि चॅनेल बदलल्याचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. माझ्या तक्रारीचं बंद केलेलं तिकीट आधी उघडा. रीसेट करायला सांगण्यासाठी फोन करणार असाल तर करू नका.

अजून तरी तुमची,
एक ग्राहक